मांद्र्याचे डॉक्टर भाऊ दाजी

मुंबईस भायखळ्याला राणीच्या बागेत जी जुनी, देखणी वस्तुसंग्रहालयाची इमारत आहे तिच्यावर १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. बडोद्याहून मुंबईस जाणारी आपली मंडळी मुलाबाळांना घेऊन ती बाग पाहतात, संग्रहालयातही डोकावतात. पण हे भाऊ दाजी कोण असे मुलाने विचारले तर बहुतेकांची गाडी अडते. कोणी म्हणतो पुराणवस्तुसंशोधक, कोणी म्हणतो समाजसुधारक, कोणी म्हणतो जुन्या मुंबईतील एक पुढारी. ही तिन्ही उत्तरे खरी आहेत. परंतु या सर्वांच्या आधी आणि शेवटपर्यंत ते डॉक्टर होते, आणि न दिसणारी वस्तू खुणांवरून ओळखणे हा त्यांच्या आयुष्याचा खरा ध्यास होता. निदान या शब्दाचा अर्थ ज्यांच्या चरित्राकडे पाहून समजावा अशी माणसे आपल्याकडे थोडी. भाऊ दाजी त्यांतले एक. म्हणून त्यांची हकीकत आज थोडी विस्ताराने सांगावीशी वाटते.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. त्यांचा जन्म १८२२ चा, गाव मांद्रे. गोव्याच्या अगदी उत्तरेस पेडणे महालात, हरमल आणि मोरजी यांच्या मध्ये समुद्राला लागून हे गाव आहे. माड, काजू, भाताची खाचरे आणि रेताड किनारा यांचा हा मुलूख. पेडणे ही पूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांची जहागीर. अठराव्या शतकाच्या अखेरीस, सावंतवाडी आणि कोल्हापूर यांच्या झुंजीच्या धामधुमीत, ती पोर्तुगीजांच्या हाती गेली. त्यामुळे जुन्या काबिजादींत जो धर्माचा जाच झाला तो पेडण्याच्या वाट्यास आला नाही. देवळे राहिली, पुराणे राहिली, बोलणे कोकणी आणि लिहिणे-वाचणे मराठी हा रिवाज राहिला. सारस्वतांच्या घरातील मुलाला मांद्र्यात अक्षरओळख झाली असती, देवाधर्माचे संस्कारही झाले असते. पण पुढे काय, याला गावात उत्तर नव्हते. कोकणातील आणि गोव्यातील असंख्य कुटुंबांप्रमाणे लाडांनीही मुंबईची वाट धरली.

घरची स्थिती बेताचीच होती. लहानपणी भाऊ बुद्धिबळात फार तरबेज होते आणि ती चुणूक पाहून एका इंग्रज गृहस्थाने मुलाला इंग्रजी शिकवावे असा वडिलांकडे आग्रह धरला, असे सांगतात. पुढे ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकले आणि तेथेच शिक्षक झाले. याच काळात त्यांनी एका निबंधाच्या स्पर्धेत बक्षीस मिळविले. विषय होता कच्छ आणि काठेवाड येथील कन्यावधाचा. बडोदेकरांना हा विषय परका नाही. बडोद्याचे रेसिडेंट कर्नल वॉकर यांनी १८०८ च्या सुमारास जाडेजा सरदारांकडून मुली न मारण्याचे करार लिहून घेतले होते, पण कराराने रूढी मोडली नव्हती. चाळीस वर्षांनी एक तरुण मराठी शिक्षक त्या रूढीची कारणे शोधीत होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रोग कोठे दिसतो हे पाहून न थांबता तो कोठून येतो हे विचारण्याची सवय त्यांना वैद्यकाच्या आधीपासूनच होती.

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून उभारलेले रुग्णालय त्याच्या शेजारीच होते आणि प्रमुख होते डॉ. चार्ल्स मोरहेड. शिक्षकाची नोकरी सोडून भाऊ तेथे विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि १८५१ साली जी पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली तीत ते होते. पुढे प्रार्थना समाजाचे संस्थापक म्हणून प्रसिद्धीस आलेले आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि गवतांच्या जातींचे नामांकित अभ्यासक झालेले गोमंतकीय डॉ. जुझे कामिलो लिस्बोआ हे त्याच तुकडीतले. म्हणजे एकट्या त्या छोट्या वर्गात मराठी ब्राह्मण, पारशी आणि गोव्याचे ख्रिस्ती एका मेजाभोवती प्रेताची चिरफाड शिकत होते. त्या काळी प्रेताला हात लावणे म्हणजे काय, हे जुन्या घरांतल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

मोरहेड यांचा भर रोग्याच्या खाटेशेजारी बसून शिकण्यावर असे. डोळ्यांनी पाहा, हाताने चाचपा, कानाने ऐका, टिपून ठेवा, आणि रोगी दगावलाच तर आत काय निघते ते पाहून आपले निदान बरोबर होते की चुकले हे ताडून घ्या. हीच त्या काळची नवी विद्या. तिचा एक भाग संगीताच्या माणसाला फार जवळचा वाटेल. छातीवर बोटाने ठोकून आवाजावरून आतली स्थिती ओळखण्याची रीत ज्याने १७६१ मध्ये ग्रंथ लिहून मांडली तो व्हिएन्नाचा डॉक्टर औएनब्रुगर संगीताचा मोठा शोकी होता. साल्येरी या संगीतकाराच्या एका संगीतिकेची संहिता त्याने लिहिली होती. छातीवर नळी लावून ऐकण्याची युक्ती १८१६ मध्ये काढणारा फ्रेंच डॉक्टर लाएनेक हा बासरी वाजवीत असे. तबल्यावर बोट मारून तो सुरात आहे की उतरला आहे हे ओळखणाऱ्या माणसाला, छाती पोकळ वाजते की भरीव याचा अर्थ लावणे कठीण नाही. भाऊंची पिढी ही कानाने निदान करणाऱ्या डॉक्टरांची पिढी होती.

पण कानाला मर्यादा आहेत, आणि त्या कोठे येतात याचे सर्वांत चांगले उदाहरण मूत्राशय हेच आहे. मूत्राशय ओटीपोटात हाडांच्या आड दडलेले. वरून पाहता येत नाही, ठोकून फारसे कळत नाही. त्या काळी पश्चिम हिंदुस्थानात मुतखड्याचे रोगी पुष्कळ असत. निदान करावयाचे तर डॉक्टर लोखंडी वाकडी सळई मूत्रमार्गातून आत घालीत आणि कान देऊन बसत. आत खडा असला तर सळई त्यावर आपटून टक् असा स्पष्ट आवाज येई. तो हाताला जाणवे आणि शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थ्यालाही ऐकू येई. मग शस्त्रक्रिया. सुश्रुताने अश्मरी काढण्याची जी वाट सांगितली तिच्याशी मिळतीजुळती वाट युरोपातील शस्त्रवैद्यही शतकानुशतके धरीत आले होते. भाऊंनी संस्कृत वैद्यकग्रंथांचा खोल अभ्यास केला होता; तेव्हा हे साम्य त्यांच्या नजरेतून सुटले असणे संभवत नाही.

खडा वाजतो, मांसाची गाठ वाजत नाही. रोग्याच्या लघवीतून रक्त जाते आहे, वेदना नाही, ताप नाही, सळईला काही लागत नाही, अशा वेळी त्या काळचा उत्तमातला उत्तम डॉक्टरही अंधारात होता. सुश्रुताने मूत्राघाताच्या बारा प्रकारांत मूत्रग्रंथी सांगितली आहे : बस्तीच्या मुखाशी आतल्या बाजूस असणारी, लहान, गोल, स्थिर गाठ, जी मार्ग अडविते. ही गाठ म्हणजे कर्करोगच असे म्हणता येणार नाही. पण आत गाठ असू शकते आणि ती खड्याहून निराळी असते, एवढा विचार जुन्या वैद्यांनी केला होता हे निश्चित. ती डोळ्यांनी पाहावी कशी, हे मात्र सुश्रुताच्या काळी ठाऊक नव्हते आणि भाऊंच्या काळीही नव्हते.

युरोपात प्रयत्न चालू होते. १८०६ मध्ये फ्रँकफुर्टच्या बोत्सिनी नावाच्या डॉक्टराने मेणबत्तीचा उजेड नळीतून शरीरात सोडण्याचे यंत्र केले. त्याची थट्टाच अधिक झाली. भाऊ ज्या वर्षी पदवीधर झाले त्याच १८५१ मध्ये कैरो येथे थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टराला प्रेतांच्या चिरफाडीत एक कृमी सापडला. नाईलच्या पाण्यातून माणसाच्या अंगात शिरून मूत्राशयाच्या भिंतीत ठाण मांडणारा हा कृमी लघवीतून रक्त पाडतो. आणि अनेक वर्षांनी त्याच्याच जखमांतून मूत्राशयाचा एक निराळा, फार वाईट कर्करोग उद्भवतो, हे पुढे उघडकीस आले. १८५६ मध्ये प्रागच्या लांब्ल याने रोग्याच्या लघवीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यात कर्करोगाच्या पेशी ओळखल्या. म्हणजे गाठ दिसत नसली तरी तिचे कण बाहेर येतात आणि ते वाचता येतात. ही कल्पना भाऊंच्या हयातीतली आहे.

मुंबईतही हे वारे पोहोचले होते. १८५८ मध्ये हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्राचे अध्यापक होऊन आले. ग्रे यांच्या शरीररचनेच्या जगप्रसिद्ध ग्रंथातील चित्रे काढणारे ते हेच. कॉलेजच्या संग्रहात साठलेल्या मुतखड्यांचा त्यांनी अभ्यास केला आणि १८७३ मध्ये खड्यांच्या सूक्ष्म रचनेवर एक स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. योगायोग असा की, भाऊंनी ज्या रोगासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली त्या महारोगाचेही कार्टर हे मोठे अभ्यासक. एका शहरात, एकाच रोगाच्या मागे, एक चित्रकार डॉक्टर आणि एक शिलालेख वाचणारा डॉक्टर लागलेले होते.

पदवी मिळाल्यावर भाऊंनी सरकारी चाकरीऐवजी स्वतंत्र वैद्यकी धरली. धाकटे भाऊ नारायण हेही त्याच कॉलेजातून डॉक्टर झाले. दोघांनी मिळून गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. श्रीमंतांकडून पैसा येई आणि तो दवाखान्यात, पुस्तकांत, जुन्या नाण्यांत आणि लोकांच्या कामांत खर्च होई. मुंबईत त्यांचे नाव इतके झाले की, मोठमोठ्या घरांतून त्यांना बोलावणे येऊ लागले.

त्या नावाची कसोटी १८६२ मध्ये लागली. गुजरातीभाषी वाचकांच्या शेजारी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या लोकांना महाराज लायबल केसची हकीकत ऐकून माहीत असेल. सत्यप्रकाश पत्राचे कर्ते करसनदास मूळजी यांनी वैष्णव महाराजांच्या आचरणावर लिहिले; जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर मुंबईच्या सुप्रीम कोर्टात अब्रुनुकसानीची फिर्याद केली. महाराजांच्या वर्तनाचा प्रश्न निघाला तेव्हा त्यांना उपदंशाचा विकार झाला होता काय, हा मुद्दा आला. भाऊ दाजी आणि डॉ. धीरजराम दलपतराम यांनी त्या विकारावरील उपचाराबाबत साक्ष दिली. धनाढ्य, धर्माच्या गादीवर बसलेल्या माणसाविरुद्ध, हजारो भक्तांच्या रोषास तोंड देऊन, भर कोर्टात रोगाचे नाव घेणे सोपे नव्हते. रोग्याचे गुपित डॉक्टराने फोडावे काय, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. परंतु कोर्टाने शपथेवर विचारले असता सत्य बोलावे की लपवावे, एवढ्यापुरते पाहिले तर भाऊंनी कोणती बाजू घेतली हे स्पष्ट आहे. मुख्य मुद्द्यावर निकाल करसनदासांच्या बाजूने लागला.

याच वर्षांत भाऊंचे दुसरे काम चालू होते. ते म्हणजे दगडांचे निदान. अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेख, गिरनारच्या खडकावरील रुद्रदामनाचा लेख, कालिदासाचा काळ, अशा विषयांवर त्यांनी एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत निबंध वाचले. १८६५ मध्ये आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भट्टोत्पल आणि भास्कराचार्य यांच्या काळाविषयी त्यांचा निबंध लंडनच्या सोसायटीच्या नियतकालिकात आला. आर्यभटाचा खरा ग्रंथ कोणता याबद्दल तोवर मोठा घोळ होता. भाऊंनी हस्तलिखिते मिळवून तो मिटविण्यास फार मोठी मदत केली. या कामात जुनागडच्या एका तरुणाला त्यांनी हाताशी धरले. ते पंडित भगवानलाल इंद्रजी. गिरनारच्या पायथ्याशी शिलालेखाची अक्षरे स्वतःच्या प्रयत्नाने लावू पाहणाऱ्या या मुलाला भाऊंनी मुंबईस आणले, देशभर लेख उतरवून घेण्यास पाठविले आणि त्यातूनच पुढे हिंदुस्थानातला एक थोर लिपितज्ज्ञ निर्माण झाला. झिजलेल्या, तुटक्या अक्षरांवरून मूळ शब्द काय होता हे ठरविणे आणि रोग्याच्या तुटक तक्रारींवरून मूळ रोग काय हे ठरविणे, या दोन गोष्टी एकाच बुद्धीची कामे आहेत. उतावळा वाचक दोन्हीकडे फसतो.

चित्राचे सामर्थ्यही या बंधूंना कळले होते. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफीची संस्था निघाली. भाऊ तिच्या कारभारी मंडळात होते आणि नारायणरावांनी तर ती कला स्वतः आत्मसात केली. नाटकांविषयीही भाऊंना आस्था होती. सांगलीचे विष्णुदास भावे १८५३ मध्ये आपली मंडळी घेऊन मुंबईस आले तेव्हा ज्या प्रतिष्ठितांनी त्यांना हात दिला त्यांत भाऊ होते. मराठी रंगभूमीला शहरात पाय रोवता आले त्यात या डॉक्टराचा वाटा आहे, हे नाटक-संगीताच्या शोकिनांनी विसरू नये. १८५२ ची बाँबे असोसिएशन, मुलींच्या शाळा, १८५७ चे मुंबई विद्यापीठ, भायखळ्याचे संग्रहालय, या प्रत्येकाच्या मुळाशी त्यांचे श्रम आहेत. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. मधल्या १८६५ च्या शेअरबाजाराच्या पडझडीची झळ त्यांनाही लागली. तरी लोकांची कामे थांबली नाहीत.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या आणि सर्वांत अपुऱ्या राहिलेल्या कामाकडे येऊ. महारोगावर औषध शोधण्याचा त्यांनी निर्धार केला होता. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर कडू कवठीचे झाड होते. त्याच्या बियांचे तेल त्वचेच्या चिवट विकारांवर गावठी औषध म्हणून लोक वापरीत. भाऊंनी ते महारोग्यांना देऊन, पथ्य पाळवून, परिणाम पाहण्यास सुरुवात केली. काही रोग्यांना उतार पडल्याचे दिसले आणि बातमी पसरली. दूरदूरचे रोगी येऊ लागले. पण औषध कोणते हे भाऊंनी जाहीर केले नव्हते. त्यावर टीका झाली. सरकारी आणि वैद्यकीय वर्तुळांत, गुप्त औषधाची परीक्षा करावी कशी, असा आक्षेप निघाला, आणि तो रास्त होता.

या ठिकाणी चरित्रकाराने भाऊंची बाजू सावरून घेण्याचे कारण नाही. त्यांच्या बाजूने इतके म्हणता येईल की, अर्धवट सिद्ध झालेले औषध बाजारात गेले तर भोंदू वैद्य त्याचा धंदा करतील ही भीती खोटी नव्हती. पण गुपिताचा एक दोष असा असतो की, ते ज्याच्यापाशी असते त्याच्या आयुष्याला बांधलेले राहते. आमच्या गाण्याच्या धंद्यात हे पदोपदी दिसते. दरबारी गवयांच्या घरांत कित्येक चिजा अशा होत्या की, उस्तादाने त्या थोरल्या मुलालाही दिल्या नाहीत. उस्ताद गेले, चीज गेली. घराण्याची इभ्रत राखण्यासाठी जी लपविली ती कोणाच्याच उपयोगी पडली नाही. भाऊंच्या बाबतीत नेमके हेच होऊ घातले. प्रयोग ऐन भरात असताना त्यांना अर्धांगवायूने गाठले. ज्या हातांनी शेकडो रोग्यांची नाडी पाहिली, शिलालेखांचे ठसे तपासले, ते हात निकामी झाले. ३१ मे १८७४ रोजी ते वारले. वय बावन्नाच्या आत होते.

दैवाने गुपित त्यांच्याबरोबर गेले नाही. औषध कडू कवठीचे तेल होते हे पुढे नोंदले गेले, आणि त्याच जातीच्या झाडांचे तेल विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत जगभर महारोगावरचा मुख्य आधार ठरले. त्याने रोग मुळापासून जात नसे. १९४१ नंतर सल्फोन औषधे आली आणि तेल मागे पडले. पण दिशा चुकलेली नव्हती. भाऊ अंथरुणाला खिळले असताना, १८७३ मध्ये, नॉर्वेच्या हान्सेन यांना सूक्ष्मदर्शकाखाली महारोगाचे जंतू दिसले. पिढ्यान् पिढ्या ज्याला पाप आणि शाप म्हणत त्याला अखेर डोळ्यांना दिसणारे कारण सापडले.

आणि मूत्राशयाचा अंधार? तो भाऊंच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी फिटू लागला. १८७७ मध्ये ड्रेस्डेन येथे माक्स नित्से या जर्मन डॉक्टराने भिंगे आणि उजेड बसविलेली नळी प्रेताच्या मूत्राशयात घालून आतला भाग दाखविला. १८७९ मध्ये व्हिएन्नात सुधारलेले यंत्र पुढे आले. आधी उजेडासाठी तापलेली प्लॅटिनमची तार लागे आणि ती थंड ठेवण्यास पाणी खेळवावे लागे. विजेचा चिमुकला दिवा निघाल्यावर १८८७ च्या सुमारास ते काम सोपे झाले. १८९४ मध्ये नित्से यांनी मूत्राशयाच्या आतील फोटोंचा ग्रंथच छापला. डॉक्टरकी आणि फोटोग्राफी एका घरात नांदविणाऱ्या लाड बंधूंना तो पाहावयास मिळाला असता तर काय वाटले असते, याची कल्पनाच करावी. १८९५ मध्ये राँटगेन यांचे क्ष-किरण आले, पुढे मूत्राशयात औषध भरून त्याचे क्ष-किरणचित्र घेण्याची रीत निघाली, १९७१ मध्ये शरीराचे काप दाखविणारे सीटी यंत्र आले आणि मग चुंबकाच्या साहाय्याने चित्र घेणारे एमआरआय.

तरी निदान हे अजूनही वाचनच आहे. मूत्राशयाचे बहुतेक कर्करोग त्याच्या आतल्या अस्तराच्या पेशींपासून होतात आणि त्यांतले पुष्कळसे वेळीच कळले तर दुर्बिणीने खरवडून काढता येतात. पण थोडे प्रकार विरळा आणि उग्र असतात. एका प्रकारात पेशी अगदी बारीक असतात आणि गाठ लहान असतानाच रोग यकृतात, हाडांत पोहोचलेला असतो; तेथे आधी सुरीपेक्षा औषधाचे उपचार लागतात. दुसऱ्या एका प्रकारात गाठच दिसत नाही, नुसती भिंत जाड आणि ताठ होते आणि रोग पोटाच्या अस्तरावर पसरत जातो. चित्रात साधी सूज वाटावी आणि आत भलतेच चाललेले असावे. तिसरा प्रकार मूत्राशयाच्या माथ्यावर, गर्भावस्थेत बेंबीशी जोडणाऱ्या नाळेच्या उरलेल्या दोरीत उद्भवतो. तेथे गाठीत कधी चुन्याचे कण दिसतात. चौथा तो, बिल्हार्झच्या कृमीमुळे किंवा वर्षानुवर्षांच्या खड्याच्या आणि जंतूंच्या त्रासाने होणारा. एमआरआयच्या चित्रावरून रोग भिंतीच्या स्नायूत शिरला आहे काय याला एक ते पाच असे अंक देण्याची पद्धत २०१८ पासून आली आहे. पण रोगाची जात कोणती हे चित्र सांगत नाही. त्यासाठी स्नायूसह खोल तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. यंत्र दाखविते, ओळखतो तो माणूस.

हा विषय आपल्यापासून दूर आहे असे कोणी समजू नये. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा या संशोधकांना लघवीतून रक्त पाडणाऱ्या अशाच कृमीच्या रोगाचे ठाणे आढळले होते. ते पुढे नाहीसे झाले. रंगाच्या कारखान्यांतील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो हे फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच दाखविले, आणि आपल्या गुजरातेत रंग-रसायनांचे कारखाने थोडे नाहीत. सर्वांत मोठे कारण मात्र घरातलेच आहे : विडी आणि सिगारेट. वयस्क माणसाच्या लघवीतून एकदा जरी रक्त गेले, दुखले नाही आणि आपोआप थांबले, तरी ते उष्णतेवर ढकलून सब्जा पीत बसू नये. स्त्रियांच्या बाबतीत तर वारंवार जळजळीची औषधे देऊन महिने निघून जातात. दुखत नाही म्हणजे रोग नाही, हा समज घातक आहे. जी गाठ वाजत नाही तीच पाहावी लागते.

भाऊ दाजींचे चरित्र वाचताना एक गोष्ट मनात ठसते. त्यांच्यापाशी आजची यंत्रे नव्हती, पण निदानाला लागणारे मन पुरेपूर होते. काठेवाडातील मुलींच्या मरणाचे कारण असो, सत्तेवर बसलेल्या महाराजांचा विकार असो, गिरनारचा खडक असो की महारोग्याचे शरीर असो, जे समोर आहे ते नीट पाहावे, नोंदवावे आणि बोलावे लागले तर निर्भयपणे बोलावे, ही त्यांची रीत होती. एकाच ठिकाणी ते बोलावयाचे राहिले आणि तेवढेच काम त्यांच्या हातून अपुरे राहिले. त्यांच्या थोरवीला त्यामुळे उणेपणा येत नाही. उलट विद्या वाटल्यानेच टिकते हा धडा त्यातून मिळतो, आणि तो डॉक्टरांइतकाच आम्हा गाणाऱ्यांनाही घेण्यासारखा आहे.

मुंबईस पुन्हा जाणे झाले तर राणीच्या बागेतील त्या इमारतीपाशी थोडे थांबावे, आणि मुलांनी विचारले तर त्यांना सांगावे की, हे मांद्र्याचे डॉक्टर होते.